धुकं दिसल्याची नोंद

कपाशीची ती वाईट वर्षं आठवली की मला आधी दुपारच आठवते. आमच्या कृषी महाविद्यालयाच्या कचेरीत दोन वाजल्यानंतर सगळं थांबल्यासारखं व्हायचं. पंखा फिरायचा, पण त्याचा वारा कुणापर्यंत पोचायचा नाही. खिडकीबाहेर विद्यापीठाचं प्रक्षेत्र होतं, म्हणजे प्रयोगांसाठी राखलेली शेती. तिथली कपाशी, आमच्याकडची पऱ्हाटी, उन्हात हलायची आणि माझे डोळे मिटायला लागायचे. त्या गुंगीत कितीतरी महिने गेले.

मी नेरहून रोज ये-जा करायची. सकाळची एस.टी. यवतमाळला सोडायची, तिथून ऑटोनं गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत, आणि पुढे कडुनिंबांच्या सावलीतून पायी. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले तेव्हा अधीक्षक साहेबांनी मला जी कामं सोपवली, त्यात एक अपघात नोंदवही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, चांगली जाड. आत रकाने आखलेले: नाव, कामाचं स्वरूप, ठिकाण, वेळ, इजा झालेला अवयव, कारण, संरक्षक साधनं दिली होती काय. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे रकाने कोरे होते. दर महिन्याला मी मुख्यालयाला एक ओळ पाठवायची, की गेल्या महिन्यातील अपघात निरंक.

निरंक हा शब्द मला आवडायचा. टाइप करताना वाटायचं, बाहेर सगळं ठीक आहे, कुणाला काही लागलेलं नाही. निंदणाला येणाऱ्या बायांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या मी रोज पाहत होते. एकीचं करंगळीचं पेर नव्हतं. एक माणूस शिडीवरून पडल्यापासून लंगडत चालायचा. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि नोंदवही टेबलाच्या खणात होती. दोन्हींचा काही संबंध असेल असं माझ्या मनात कधी आलंच नाही.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. पाऊस धड झाला नाही आणि धड उघडलाही नाही. गावोगावचे शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बोंडं घालून आमच्याकडे यायचे. आमचे प्राध्यापक बोंड फोडून दाखवायचे. आत गुलाबी अळी असायची, शांतपणे झोपल्यासारखी. मग फवारणी, पुन्हा फवारणी. पेपरात रोज बातम्या येत होत्या, फवारणी करणारी माणसं आजारी पडल्याच्या. त्या गावांतल्या बातम्या होत्या. आम्ही तर गावांना सल्ला देणारे. हातमोजे घाला, तोंड झाका, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, असं छापलेल्या भित्तिपत्रकांचा गठ्ठा माझ्या टेबलाशेजारीच पडलेला होता. गावांत वाटायला आणला होता.

प्रक्षेत्रावर फवारणी करणारे एक काका होते. पन्नाशी ओलांडलेले, वीस वर्षांपासून रोजंदारीवर. पाण्याची बाटली भरायला कचेरीतल्या माठापाशी यायचे आणि जाताना सूचना फलकापुढे थांबायचे. त्यांनी अक्षरं बऱ्याच उशिरा, पोरं मोठी झाल्यावर शिकली होती. त्यामुळे बदल्यांचे आदेश असोत की परीक्षेचं वेळापत्रक, ते एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचे. "वि-द्या-र्थ्यां-नी... आता कायले एवढा लांब शब्द ठेवला जी?" असं मला विचारायचे, आणि मी हसायची.

एका दुपारी ते खिडकीशी आले. बाटली हातात तशीच रिकामी होती.

"बाई, आज धुकं पडलं काय जी?"

बाहेर लख्ख ऊन होतं. फाट्यापलीकडची टेकडीसुद्धा स्वच्छ दिसत होती.

"काका, या उन्हात कुठलं धुकं?"

"मले तं सारं पांढरं दिसून राह्यलं. फळ्यावरचं एक अक्षर लागत नाही."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. धुकं त्यांना नकोसंही वाटत नसावं, असं मला क्षणभर वाटलं. मग मी उठून जवळ गेले. शर्ट घामानं चिंब होता आणि त्याला औषधाचा उग्र वास येत होता. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

हे मी कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते आठवायला मला टेबलाकडे वळावं लागलं. गठ्ठ्यातल्या वरच्याच भित्तिपत्रकावर ओळीनं लिहिलेलं होतं: अंधुक दिसणे, लाळ सुटणे, बाहुल्या लहान होणे. खाली पुढं काय करायचं तेही लिहिलं होतं. महिनाभर तो कागद माझ्या कोपराशी होता.

अधीक्षक साहेबांच्या खुर्चीमागं तातडीच्या वेळी लावायच्या फोन नंबरांची यादी काचेच्या चौकटीत टांगलेली होती. पहिला नंबर लावला, तो निवृत्त झालेल्या कुणाच्या तरी घरी लागला. दुसरा वाजत राहिला. तिसरा उन्हानं इतका फिकट झाला होता की शेवटचे दोन आकडे वाचता येईनात. महाविद्यालयाची जीप प्राचार्यांबरोबर बैठकीला गेली होती. गोदामापाशी बियाण्याचा टेम्पो उभा होता आणि चालक सावलीत डबा खात बसला होता. मी पळत जाऊन सांगितलं तेव्हा तो अर्धी भाकर तशीच ठेवून उठला.

तोवर निंदणाच्या बाया आल्या. त्यांत काकांची बायकोही होती. "काय होऊन राह्यलं जी तुमाले?" असं म्हणत तिनं त्यांना दंडाला धरलं. ते तिच्याकडे पाहून हसले, पण तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला पाहून.

"यांचा शर्ट काढा आणि नळाखाली धुवा," मी म्हणाले. "साबणानं. डोकं, केस, सगळं."

माझ्या खणात हात धुवायची वडी होती, ती दिली. बायांनी भोवती कडं केलं. पाणी पडत होतं, फेस जमिनीवरून निंबाच्या बुंध्यापर्यंत वाहत होता, आणि काका पुटपुटत होते, "गार लागून राह्यलं... लय बेस लागून राह्यलं."

कागदावर असंही होतं की औषधाची बाटली सोबत न्या. बाटल्या भांडारात असायच्या. आमचे भांडारपाल निवृत्तीला आलेले, सडपातळ, फार काटेकोर गृहस्थ होते. रिकामी बाटलीसुद्धा ते नोंद करून परत घ्यायचे.

"बाटली बाहेर नेता येत नाही," ते म्हणाले.

"सर, माणूस मरंल."

ते किल्ली हातात धरून उभे राहिले. मग कपाटातून बाटली काढली, रुमालात गुंडाळली. "तुम्हाला नाही देता येणार. मी येतो."

असे आम्ही निघालो. टेम्पोच्या मागच्या भागात रिकाम्या पोत्यांवर काका कुशीवर, त्यांचं डोकं बायकोच्या मांडीवर. भांडारपाल बाटली मांडीवर घेऊन बसलेले आणि मी त्यांच्या शेजारी. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटीची शेतं मागं पळत होती. पांढरी फुलं, जुनी होऊन गुलाबी पडलेली फुलं. मला त्या प्रवासाचा आवाज आठवत नाही. टेम्पो खडखडत असणारच. आठवतात ती फक्त फुलं, आणि दर थोड्या वेळानं काकांच्या छातीवर हात ठेवून पाहणारी त्यांची बायको.

रुग्णालयात डॉक्टर मुलगीच होती, माझ्यापेक्षाही लहान. तिनं बाहुल्या पाहिल्या आणि विचारलं, "काय फवारत होते?" भांडारपालांनी रुमाल सोडून बाटली पुढं केली. तिनं लेबल वाचलं, नर्सला भराभर सांगितलं, मग आमच्याकडे वळून म्हणाली, "अंग धुऊन आणलंत, बाटली आणलीत, बरं केलंत. कुठल्या गावचे?"

मी महाविद्यालयाचं नाव सांगितलं. ती जरा थांबली. मग कागदावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेले. वॉर्डात ओळीनं खाटा होत्या आणि बऱ्याच खाटांवर फवारणीचीच माणसं होती. खिडक्यांतून पिवळं ऊन आत पडलं होतं. काका पाठीला उशी लावून बसले होते. डोळे उघडे आणि आता बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर. ते हवेतून काहीतरी वेचत होते. उजवा हात पुढं जायचा, बोटं जुळायची, हलकेच ओढायची. मग डावा. त्यांची बायको खाटेला टेकून उभी होती. तिनं पदर पसरून धरला होता, आणि ते वेचलेलं तिच्या पदरात टाकत होते.

"कापूस वेचून राह्यले," ती मला हळूच म्हणाली. "सकायपासून. डॉक्टरीनबाई म्हणे का त्या इंजेक्शननं होते तसं, उतरंल."

"दमले असतील."

"मी म्हटलं झालं आता, सरली पात, संपली ओळ. ऐकत नाही. पदर धरला का मंग शांत रायते."

मी तिथं किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. त्यांची बोटं फार सफाईनं चालत होती. काटा लागू नये म्हणून अंगठा जरासा वळवत होते. मलाही ते झाड दिसायला लागलं. बोंडं पूर्ण उमललेली, एकही किडकं नाही. तेवढं चांगलं पीक त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात मी कुठंच पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी ते भानावर आले. मी नोंदवहीतल्या रकान्यांची नावं एका कागदावर उतरवून नेली होती. वेळ कोणती, किती पंप फवारून झाले होते, वारा कुठून होता, असं विचारायला लागले तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले.

"हे कायले विचारून राह्यल्या?"

"नोंद करायची आहे, काका. अपघाताची."

"लिवू नका बाई." ते उठून बसायला लागले. "मी रोजावरचा माणूस. कागदावर नाव गेलं का मले कोणी कामावर घेईन काय? चक्कर आली म्हणा. लिवू नका."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

कचेरीत अधीक्षक साहेबांचंही तेच म्हणणं होतं. "मॅडम, उपाशीपोटी काम केलं, चक्कर आली. चक्कर म्हणजे अपघात नव्हे. निरंक पाठवून द्या." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी काकांच्या घरी फळं पाठवली होती. नोंदवहीत काही लिहिलं जाऊ शकतं, हीच गोष्ट त्यांना पटत नव्हती. मी निरंकचा अहवाल टाइप केला. सहीला नेला नाही. तीन दिवस तो टायपिंगच्या फाइलीत पडून राहिला.

चौथ्या दिवशी काकांची बायको खिडकीशी आली. सोबत एक दुसरी बाई होती, जी फवारणीसाठी पाणी आणून द्यायची.

"सांग बाईले," काकांची बायको तिला म्हणाली.

"मले बी दिसलं होतं धुकं," ती बाई म्हणाली. "मांगल्या हप्त्यात. मले वाटलं डोये आले. घरी जाऊन झोपली."

"कुणाला सांगितलं नाही काहून?"

"कोणाले सांगावं?"

मी काकांच्या बायकोकडे पाहिलं. "ते तर नको म्हणतात लिहायला."

"ते म्हणतीनच," ती म्हणाली. "पर त्या प्लॉटात पुढच्या हप्त्यात दुसऱ्याले धाडतीन. मी पदर धरून होती बाई दोन-तीन दिवस. दुसरीनं कायले धरावा? लिवा तुमी."

मी नोंदवही काढली. पहिल्या पानावरच्या पहिल्या ओळीत काकांचं नाव लिहिलं तेव्हा माझं अक्षर शाळेतल्या मुलीसारखं मोठं आलं. खाली त्या दुसऱ्या बाईचं. संरक्षक साधनं दिली होती काय, या रकान्यापाशी पेन थांबलं. ते उत्तर माझं नव्हतं. मी नोंदवही घेऊन भांडारात गेले.

भांडारपालांनी एक कपाट उघडलं. आत मास्क, हातमोजे, चष्मे, सगळं कागदी खोक्यांत, प्लॅस्टिकही न फाडलेलं.

"वापरायला दिली असती तर मळली असती," ते म्हणाले. "तपासणीला विचारलं असतं, नवी होती, कुठं गेली. म्हणून जपली."

मी नोंदवहीतला तो कोरा रकाना त्यांच्यापुढं धरला.

"नाही लिहा."

"सर, तुमच्यावर येईल."

"येऊ द्या. वीस वर्षं तो माझ्याकडून बाटली घेऊन जातो. मी बाटली परत आल्याचं बघत होतो. नाही लिहा."

मी 'नाही' लिहिलं.

ही गोष्ट बायांमध्ये पसरायला वेळ लागला नाही. त्या आठवड्यात अधीक्षक साहेब रजेवर होते. जेवणाच्या सुटीत मी डबा घेऊन निंबाखाली बसले तर बाया एकेक करून आल्या. करंगळीचं पेर नसलेली आली. सरकी काढायच्या लहान यंत्रात गेलं होतं ते, तिचं पहिलं लेकरू पोटात असताना. शिडीवरून पडलेला माणूस आला. एकीच्या पोटरीवर विळ्याची लांब खूण होती. तिनं लुगडं जरा वर करून दाखवली, जशी एखादी आपलं जुनं गोंदण दाखवते. कुणाला तारीख आठवत नव्हती. "ज्या साली तुरी चांगल्या झाल्या त्या साली," असं सांगायच्या. कुणी रडत नव्हतं. वारा नव्हता, झाडावर होला घुमत होता, आणि त्या आपल्या अंगावरच्या खुणा मला ओळीनं सांगत होत्या. मी वेगळ्या कागदावर लिहून घेत होते. सुटी संपल्याची घंटा झाली तरी आम्हाला कुणालाच ती ऐकू आली नाही.

जुन्या गोष्टी नोंदवहीत चढवता आल्या नाहीत, पण ते कागद मी नव्या अहवालाला जोडले आणि साहेब रजेवर असतानाच तो माझ्या सहीनं मुख्यालयाला पाठवला. महिनाभरात मुख्यालयाचं पत्र आलं. आपल्याच केंद्रात अपघात एकाएकी कसे वाढले, याचा खुलासा करावा. अधीक्षक साहेबांनी पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि फक्त "बघा" म्हणाले. भांडारपालांना मेमो निघाला. त्यांनी त्याचं उत्तर एका ओळीत दिलं, की चूक झाली.

प्राचार्यांनी नोंदवही आणि ते कागद मागवून घेतले. एक पूर्ण दुपार वाचत बसले होते. त्यानंतर कपाटातली खोकी फोडली गेली. फवारणी सकाळीच, वारा पाहून करायची असं ठरलं. प्लॉटाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नळ आला आणि तिथं साबण. टेम्पोची जादा किल्ली कचेरीत खिळ्याला टांगली. फोनची नवी यादी मी केली, प्रत्येक नंबर स्वतः लावून, समोरच्याचा आवाज ऐकून. हिवाळ्याच्या तोंडाशी आम्ही एक सरावही केला. कुणाला विषबाधा झाली तर काय करायचं, त्याचा. रोगी व्हायला भांडारपालच तयार झाले. निंबाखाली आडवे झाले. आम्ही फोन, टेम्पो, पाणी असं सगळं ठरल्याप्रमाणं करेपर्यंत त्यांना खरंच झोप लागली. कुणी उठवलं नाही. आम्ही त्यांना तसंच अलगद उचललं आणि टेम्पोत ठेवलं, तेव्हा जागे झाले आणि चष्मा शोधायला लागले.

पण काकांना कामावर घेतलं नाही. हजेरीपटावर त्यांचं नाव दोन महिने आलं नाही. अशक्त आहे, पुन्हा काही झालं तर कोण बघणार, असं सांगितलं गेलं. त्यांना जी भीती होती ती खरी ठरली, आणि ती माझ्या हातानं ठरली. त्यांची बायको निंदणाला एकटीच यायची, माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायची. त्या बोलण्यानं मला जास्त त्रास व्हायचा. मी अधीक्षक साहेबांच्या टेबलापुढं तीनदा उभी राहिले. शेवटी ते म्हणाले, डॉक्टरांचा दाखला आणा. मी आणि काकांच्या बायकोनं जाऊन दाखला आणला, हलकं काम करण्यास योग्य आहे असा. मग त्यांना रोपवाटिकेत घेतलं, पाणी द्यायला.

पहिल्या दिवशी ते मला वाटेत भेटले. वाळले होते.

"तुमाले नको म्हटलं होतं ना मी?"

"हो काका."

"मंग?"

ते थोडा वेळ वाट पाहत उभे राहिले. मग झारी उचलून गेले. त्यानंतर त्यांनी कचेरीत पाणी भरायला येणं सोडलं. रोपवाटिकेच्या नळावर भरायचे. सूचना फलकापुढं आता कुणी मोठ्यानं वाचत नसे. जवळजवळ वर्षभर असंच चाललं. मी खिडकीतून त्यांना रोपांच्या ओळींमधून हळूहळू चालताना पाहायची, आणि माझी दुपार जायची.

पुढच्या वर्षी, तुरीच्या कापणीच्या वेळेस, एका सकाळी ते खिडकीशी आले. एका तरुण बाईला कोपराशी धरून आणलं होतं. तिच्या पायाला विळा लागला होता. धुऱ्यावरच्या नळावर पाय धुऊन, स्वच्छ फडकं बांधूनच आणलं होतं त्यांनी. मी प्रथमोपचाराची पेटी काढून पट्टी केली, धनुर्वाताच्या सुईसाठी टेम्पोवाल्याला आवाज दिला. ती बाई संकोचून म्हणत होती, "काही नाही झालं जी, एवढंसं तं लागलं."

"चूप बस," काका तिला म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हिचं लिवून घ्या. कसं झालं ते मी सांगतो, मी तिथंच होतो."

मी नोंदवही उघडली. ते खिडकीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले आणि सांगत गेले. वेळ, ठिकाण, विळ्याची मूठ ढिली होती हे. मी लिहीत असताना त्यांची नजर माझ्या पेनाबरोबर सरकत होती.

"डावा पाय लिवला तुमी," ते म्हणाले. "उजवा आहे."

मी डावा खोडून उजवा केला.